व्हेटर्नरी नर्सिंग: डोसची गणितं घरी कशी पक्की करायची?

गंगापूररोड: नाशिकला आम्ही पाच मुली मिळून स्वअभ्यास करतो. वाचताना डोसची गणितं समजतात, पण पेपरात उत्तर थेट दहा पटीनं चुकतं. रोज तासभर मिळतो. नेमकं काय करावं?

डांगीगाय: दहा पटीची चूक म्हणजे घोळ टक्क्यांत आहे. १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच १ मिलीत १० मिग्रॅ. एन्रोफ्लोक्सॅसिनच्या बाटलीवर १० टक्के लिहिलं असेल, तर १ मिलीत १०० मिग्रॅ औषध आहे. ३०० किलोची गाय, डोस किलोला ५ मिग्रॅ: एकूण १५०० मिग्रॅ, म्हणजे १५ मिली. १० टक्क्यांचे १० मिग्रॅ धरलेत की उत्तर १५० मिली येतं. एका गायीला एका वेळी एवढं कोणी टोचतं का, हा प्रश्न प्रत्येक उत्तराला विचारा. आणि एकक न लिहिता आकडा लिहायचाच नाही, कच्च्या कामातसुद्धा.

सिन्नरकर: वजनच चुकलं तर पुढचं सगळं वाया. गोठ्यात काटा नसतो, म्हणून टेप. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर × घेर × लांबी ÷ ६६०. घेर ६०, लांबी ५० असेल तर सुमारे २७३ किलो. टेप ढिली राहून घेर ६२ आला, तर तीच गाय २९१ किलोची होते. घेराचा वर्ग होतो ना, म्हणून घेर तीनदा मोजा.

गंगापूररोड: सलाईनचे थेंब?

निफाडवाला: १० किलोचा कुत्रा, अंगातलं पाणी वजनाच्या ५ टक्के कमी: तूट ५०० मिली. रोजची गरज किलोला ५० मिली धरली तर आणखी ५००. २४ तासांत १००० मिली, म्हणजे तासाला ४२. उलट्या-जुलाब चालू असतील तर तेही यात मिळवायचे. २० थेंबांच्या सेटवर, म्हणजे १ मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सलाईनच्या नळीवर, मिनिटाला १४ थेंब; ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर ४२. सेट कितीचा ते पाकिटावर छापलेलं असतं. न वाचता सेट बदलला की वेग तिप्पट किंवा तिसरा हिस्सा होतो. पाण्याच्या बाटलीला २० थेंबांचा सेट लावून ती खिळ्याला टांगा, नळीवरची वेग कमी-जास्त करायची चाकी फिरवा आणि ३० सेकंदांत ७ थेंब येईपर्यंत हात बसवा. कुत्र्यानं पाय मुडपला की थेंब मंदावतात, तेव्हा पुन्हा मोजायचे.

डांगीगाय: पाचही जणींनी रोज औषधाचं एकेक खोटं लेबल आणि त्यावरचं गणित लिहून आणा आणि आपसात बदला. वही मिटूनच सोडवायचं. चुकलेलं गणित दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी आकडे बदलून परत घ्या. खऱ्या जनावराला हात मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच.