‘आलोच’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

राजारामपुरीतली ताई

संध्याकाळी सात ते साडेआठ मी घरीच इंग्रजीचा वर्ग घेते. दुकानात काम करणारी, आयटीआय झालेली, नर्सिंगला असलेली अशी मुलं-मुली येतात. सध्या भविष्यकाळ चालू आहे आणि एका शब्दापाशी आम्ही चार दिवस अडलो आहोत.

फोनवरचा एक संवाद इंग्रजीत लिहायला दिला होता. आई विचारते, ‘कुठं हाईस?’ मुलगी म्हणते, ‘आलोच, बिंदू चौकात हाय.’ (आमच्याकडे कोल्हापुरात मुलीही ‘आलो’ म्हणतात, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.) एकीने लिहिलं, ‘आय केम, आय ॲम इन बिंदू चौक.’ मी ‘केम’वर रेघ मारून ‘ॲम कमिंग’ लिहिलं. ती म्हणाली, ‘मॅडम, आलो म्हणजे भूतकाळच की. मग चुकलं कुठं? येतोयला पण ॲम कमिंग, येणार हायला पण तेच. मग येईनला काय?’

मला एका दमात उत्तर देता आलं नाही. मी शाळेत असताना जो तक्ता पाठ केला तोच आजवर शिकवत आले: ‘ईन, ईल’ दिसलं की विल, ‘णार’ दिसलं की गोइंग टू, ‘तो, ते’ दिसलं की साधा वर्तमान. मुलांची बोलण्यातली मराठी वाक्यं घेतली की हा तक्ता टिकत नाही. पुस्तकातली घेतली की टिकतो, कारण ती तक्त्यासाठीच बनवलेली असतात. तर ‘आलोच’, ‘येतो’, ‘येईन’, ‘येणार आहे’ यांतला फरक आपल्याच भाषेत नेमका काय आहे, हे आधी कुणी सांगाल का? तो कळला तर इंग्रजीचं पुढे बघता येईल.

स्पर्धा परीक्षावाला, कागल

ताई, ‘आलोच’ला व्याकरणात नाव आहे. रूप भूतकाळाचं, ‘ला’ प्रत्ययाचं म्हणून लाख्यात. अर्थ मात्र संनिहित भविष्याचा, म्हणजे अगदी जवळ येऊन ठेपलेल्या काळाचा. ‘तुम्ही पुढं व्हा, मी आलोच’ हे आमच्या अभ्यासातलं नेहमीचं उदाहरण. ‘मी येतोच’ म्हटलं तर रूप वर्तमानाचं, अर्थ तोच. ‘येईन’ हे ईलाख्यात, खरं भविष्यकाळाचं रूप म्हणजे एवढंच.

परीक्षेत काळ ओळखा म्हटलं की रूप बघायचं का अर्थ, यावर आमच्या अभ्यासिकेत रोज वाद होतो.

निवृत्त मास्तर, गडहिंग्लज

ताईंचा तक्ता मीही तीस वर्षं शिकवला, त्यामुळे त्याची चूक कुठे आहे ते जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात मोठं भगदाड ‘तो, ते’च्या ओळीत आहे. पाहुणे निघालेत, बाहेर रिक्षा नाही. तुम्ही म्हणता, ‘थांबा, मी सोडतो तुम्हाला स्टँडवर.’ फोन वाजतो, तुम्ही म्हणता, ‘मी घेतो.’ हॉटेलात बिल येतं, तुम्ही म्हणता, ‘मी देतो, राहू द्या.’ तिन्ही ठिकाणी मराठीत साधा वर्तमान आहे आणि तिन्ही ठिकाणी इंग्रजीत विल लागतं. ‘आय विल ड्रॉप यू’, ‘आय विल गेट इट’, ‘आय विल पे’. आपली मुलं ‘आय ड्रॉप यू’ म्हणतात, कारण तक्ता तसं सांगतो. ‘आय पे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, नेहमी मीच देतो असं हा सांगतोय.

का लागतं विल? कारण निर्णय त्याच क्षणी झाला. बोलायच्या आधी तुमच्या डोक्यात तो नव्हता. इंग्रजी इथे एकच गोष्ट विचारते: ठरलं कधी? आत्ता बोलता बोलता ठरलं तर विल. आधीच मनाशी ठरलेलं असेल तर गोइंग टू. ठरवून वर दुसऱ्याशी बोलणंही झालं असेल, गाडी सांगून ठेवली असेल, वेळ दिली असेल, तर नुसतं ‘आय ॲम मीटिंग हिम ॲट फाइव्ह’.

आता मराठी बघा. ‘रविवारी पन्हाळ्याला जाणार आहे’ म्हणजे ठरलेलं आहे. ‘जाईन की रविवारी’ म्हणजे बघू, जमलं तर. ‘रविवारी पन्हाळ्याला जातोय, येतोस?’ म्हणजे गाडीत पेट्रोल भरून झालंय. हा फरक सातवीतल्या पोरालाही न शिकवता कळतो. मी मुलांना तो कधी विचारला नाही, थेट प्रत्यय विचारला. आज त्याचं वाईट वाटतं.

एक बारकावा. ‘आय ॲम गोइंग टू पन्हाळा’ आणि ‘आय ॲम गोइंग टू स्लीप’ यांतल्या ‘गोइंग टू’त मुलं गोंधळतात. टूच्या पुढे ठिकाण आलं तर खरोखरचं जाणं, क्रियापद आलं तर बेत. झोपायला कुणी कुठे जात नाही, हे मुलांनाच म्हणायला लावा.

पंचगंगाकाठचा

मास्तरांचं ‘ठरलं कधी’ माणसाला लागू पडतं. नदी काय ठरवत नाही, तरी तिच्याबद्दल आपण ‘णार’ म्हणतोच. माझं घर घाटापासून जवळ, म्हणून माझं उदाहरण पाण्याचं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. हे आकडे इथल्या लहान पोरांना पाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टात आम्ही तासातासाला पातळी बघत होतो. पाणी चढताना डोळ्यांना दिसतंय, धरणातून विसर्ग वाढल्याचं कळलंय, तेव्हा आमच्या गल्लीत कुणीही ‘पाणी येईल’ म्हणत नव्हतं. सगळे म्हणत होते, ‘पाणी येणार, सामान वर घ्या.’ पुरावा डोळ्यांपुढे असतो तेव्हा ‘णार’. इंग्रजीतही अशा वेळी ‘द रिव्हर इज गोइंग टू क्रॉस द डेंजर मार्क’. तेच मे महिन्यात चहा पिताना कुणी म्हणेल, ‘यंदा पूर येईल असं वाटतंय.’ तिथे ‘आय थिंक देअर विल बी अ फ्लड’. वाटण्याचं विल, दिसण्याचं गोइंग टू. मला इंग्रजी बेताचं येतं, पण हा फरक पुरात कळला तो विसरलेलो नाही.

दुसरं उदाहरण राधानगरीचं. ‘धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे उघडतात.’ आणि आता पावसाळ्यात आपण म्हणतो, ‘धरण भरलं की दरवाजे उघडतील.’ दोन्हीकडे ‘भरलं’ भूतकाळी, आणि दोन्हीकडे इंग्रजीत ‘व्हेन द डॅम फिल्स’. माझ्या मुलाने ‘व्हेन द डॅम विल फिल’ लिहिलं, त्याच्या मित्राने ‘फिल्ड’ लिहिलं. दोघांचेही मार्क गेले. कारण काय ते मास्तरांनीच सांगावं.

निवृत्त मास्तर, गडहिंग्लज

नदीचं उदाहरण माझ्यापेक्षा चांगलं आहे. ‘ठरलं कधी’च्या जोडीला ‘कशावरून म्हणतोस’ हा प्रश्न हवाच. मी तो विसरलो होतो.

‘व्हेन’, ‘इफ’, ‘अंटिल’, ‘बिफोर’ यांच्यामागच्या तुकड्यात इंग्रजी भविष्य दाखवत नाही. मुख्य वाक्यात एकदा विल आलं की काळ कळला, अटीच्या तुकड्यात साधा वर्तमान पुरतो. मराठी तिथे भूतकाळ वापरते: ‘पाऊस आला तर कुस्त्या थांबतील.’ म्हणून खासबागेतल्या कुस्त्यांचं हे वाक्य मुलं ‘इफ रेन केम’ असं लिहितात. पाहिजे ‘इफ इट रेन्स, द बाउट्स विल स्टॉप’. ‘आला तर’मधलं ‘आला’ आणि ताईंच्या मुलीचं ‘आलोच’ एकाच घरातली माणसं आहेत. दोन्हीकडे ‘ला’ काळ सांगत नाही, काम पुरं होण्याची कल्पना सांगतो. ‘आलोच’ म्हणणारी मुलगी मनाने दारात पोहोचलेली असते, म्हणून ती झालेल्या कामाचं रूप वापरते. ‘हळू, पडलास बघ!’ आपण पोर पडायच्या आधीच ओरडतो, तेही असंच.

भाषांतराचं काम करणारी, ताराबाई पार्क

शब्दांच्या मुळाबद्दल थोडं घालते, मला त्यातून खूप उलगडलं म्हणून.

विल हे मुळात ‘इच्छा असणे’ या अर्थाचं जुनं इंग्रजी क्रियापद. शॅल हे ‘देणं लागणे, करणं भाग असणे’ या अर्थाचं. म्हणजे इंग्रजीला मराठीच्या ‘ईन, ईल’सारखा भविष्याचा स्वतःचा प्रत्यय नाहीच. इच्छा, देणं आणि जाणं ही तीन क्रियापदं कामाला लावून ती भविष्य सांगते. विलमधली इच्छा अजून जिवंत आहे. ‘द स्कूटर वोन्ट स्टार्ट’ याचं भाषांतर ‘स्कूटर चालू होणार नाही’ असं केलं तर चुकतं. ते ‘स्कूटर चालू व्हायला तयार नाही’ असं आहे. मराठीतही आपण गाडीला ‘तयार नाही’ म्हणतोच.

‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकीच्यांना विल, हा जो नियम आपण घोकला तो जॉन वॉलिसच्या 1653 च्या लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणातून आलेला. आज बोलण्यात सगळ्यांना विल चालतं. शॅल मुख्यतः उरलंय ते विचारण्यात: ‘मी येऊ का?’ म्हणजे ‘शॅल आय कम?’, ‘निघूया का?’ म्हणजे ‘शॅल वी गो?’ आणि करारनाम्यांत, जिथे त्याचा ‘भाग आहे’ हा जुना अर्थ टिकलाय. ताई, तुमच्या मुलांना शॅल ‘ऊ का’शी जोडून द्या, ‘ईन’शी नको.

आता आपल्या ‘णार’बद्दल. ‘देणारा, घेणारा, बघणारा’ यांतलाच हा ‘णार’. ‘मी जाणार आहे’ म्हणजे शब्दशः ‘मी जाणारा माणूस आहे’. ‘जाईन’मध्ये फक्त क्रिया पुढे ढकललेली असते, ‘जाणार’मध्ये माणूसच त्या क्रियेचा झालेला असतो. म्हणून त्यात पक्केपणा.

आणि एक गंमत. नकारात हा फरक मराठीत उरतच नाही. ‘जाईन’ आणि ‘जाणार आहे’, दोन्हींचा नकार ‘जाणार नाही’. म्हणून ‘मी येणार नाही’चं इंग्रजी करताना मी दर वेळी अडते. रागाने ठाम नकार असेल तर ‘आय वोन्ट कम’. ठरलेल्या बेतात आपण नाही असं असेल तर ‘आय ॲम नॉट कमिंग’. संदर्भ नसेल तर वाक्य परत पाठवून विचारते.

स्पर्धा परीक्षावाला, कागल

‘यायचा नाही’ राहिलं की. ‘तो आता यायचा नाही’ हाही भविष्याचाच नकार, पण त्यात अंदाज आहे. ‘येणार नाही’ म्हटलं तर मला पक्की माहिती आहे, ‘यायचा नाही’ म्हटलं तर मला त्याचा स्वभाव माहीत आहे.

भाषांतराचं काम करणारी, ताराबाई पार्क

अगदी बरोबर. त्याला मी ‘ही इज अनलाइकली टू कम’ करते. बोलण्यातलं असेल तर ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’. मराठी नकार क्रियापदाला लावते, इंग्रजी ‘थिंक’ला.

पंचगंगाकाठचा

मग ‘महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सुटणार’ यात कुणाचा बेत आणि कसला पुरावा?

निवृत्त मास्तर, गडहिंग्लज

वेळापत्रकाचा. तिथे इंग्रजी साधा वर्तमान घेते: ‘द ट्रेन लीव्ज ॲट नाइट’. गाडी, परीक्षा, सिनेमाचा खेळ, जे कुणा एकाच्या हातात नाही आणि छापून ठेवलेलं आहे त्याला. या ओळीत तक्ता बरोबर येतो, कारण मराठीतही ‘गाडी रात्री सुटते’ म्हणतातच.

राजारामपुरीतली ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तक्ता पुसला. फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले: ‘ठरलं कधी?’ आणि ‘कशावरून म्हणतोस?’ मग एकच क्रियापद घेतलं, ‘देणे’, आणि प्रत्येकाला प्रसंग दिला. गिऱ्हाईक म्हणतंय सुट्टे नाहीत. भावाच्या लग्नात आहेर काय द्यायचा ते घरात ठरलंय. वॉर्डात डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायची वेळ लिहून ठेवलीय. मुलांनी आधी मराठीत वाक्य म्हणायचं, मग ठरलं कधी ते सांगायचं, मग इंग्रजी. वेळ दुप्पट लागला. पण किराणा दुकानातल्या मुलाने ‘राहू द्या, उद्या देतो म्हणा’ या गिऱ्हाइकाच्या वाक्याला आपणहून ‘आय विल पे टुमारो’ केलं, आणि कारणही सांगितलं: ‘त्यानं खिसा चाचपल्यावर ठरवलंय.’

‘आलोच’चं आम्ही असं केलं. वाटेवर असेल तर ‘आय ॲम ऑन माय वे’. दोन पावलांवर असेल तर ‘आय ॲम ऑलमोस्ट देअर’. अजून घरातून निघायचीच असेल आणि आईला धीर द्यायचा असेल तर ‘आय विल बी राइट देअर’. त्या मुलीने विचारलं, बिंदू चौकातून आमचं घर चालत पाच मिनिटं, मग कुठलं? वर्गाने एकमताने पहिलं दिलं.

निघताना ती दारात म्हणाली, ‘मॅडम, येतो.’ मग थांबून म्हणाली, ‘ह्याला काय?’ या ‘येतो’त जाणं आहे, परत येण्याचा शब्द आहे आणि ‘जातो’ म्हणायचं नाही हा संस्कारही आहे. मी तिला तूर्त ‘सी यू टुमारो’ दिलंय. याहून जवळचं कुणाकडे असेल तर कळवा, सोमवारी वर्गात घ्यायचं आहे.