ट्विस्टर: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: भौतिकीतल्या ट्विस्टर (twistor) सिद्धांतावर, म्हणजे अवकाशकालाचं वर्णन प्रकाशकिरणांपासून सुरू करणाऱ्या सिद्धांतावर, मराठीत लिहितोय. ‘पिळणारा’ चालेल का? आणि ही संज्ञा आज भौतिकीत वापरात आहे, की इतिहासजमा झाली?

उत्तर १: ‘पिळणारा’ नको. हा शब्द वेक्टर, टेन्सर, स्पिनॉर या गणिती राशींच्या घराण्यातला आहे. इंग्रजीत शेवटी -or आहे (twistor), -er नाही (twister म्हणजे पिळणारा), हे बघून ते कळतं, देवनागरीत तो फरक पुसला जातो आणि वाटतं, कुणीतरी काहीतरी पिळतंय. खरं तर ट्विस्टर कशालाच पिळत नाही. पीळ त्याच्या अंगचा असतो.

हा पीळ समजायला मला बराच वेळ लागला. ब्रिटिश गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९६७ साली ही कल्पना मांडली. त्यांच्या ट्विस्टर अवकाशात प्रकाशकिरण म्हणजे एक बिंदू, आणि आपल्या अवकाशकालातला बिंदू म्हणजे तिथली एक अख्खी रेषा. पण हे झालं साध्या ट्विस्टरचं. ट्विस्टरला हेलिसिटी (गतीच्या दिशेभोवतीची फिरकी) असली, की त्याचं चित्र एका किरणात मावत नाही, किरणांचा जथाच काढावा लागतो. त्यातला प्रत्येक किरण सरळ, पण सगळे मिळून एकमेकांभोवती दोरासारखे वळलेले. पीळ उजवा की डावा, ते हेलिसिटीच्या चिन्हावरून ठरतं.

म्हणून संज्ञा ‘ट्विस्टर’च ठेवा, समजावताना मात्र ‘पीळ’ हाच शब्द वापरा. ‘व्यावर्तन’ वगैरे लिहिलंत तर चित्रच डोळ्यांपुढे येत नाही.

उत्तर २: सहमत. दुसऱ्या प्रश्नाबद्दल: इतिहासजमा मुळीच नाही. दोन ग्लुऑन (क्वार्कना एकत्र बांधणारे कण) आदळून चार निघतात, या प्रक्रियेचं गणित करायला पहिल्याच पातळीवर २२० फाइनमन आकृत्या (कणांमधल्या घडामोडींची एकेक शक्यता दाखवणारी चित्रं) मांडाव्या लागतात. तरीही काही हेलिसिटींसाठी उत्तर एका ओळीत बसतं, हे पार्क आणि टेलर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखवलं. एवढं सोपं का, याची उकल भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटन यांनी २००३च्या अखेरीस ट्विस्टर अवकाशात शोधली, आणि विषयात नव्याने जीव आला. पुढे अँड्र्यू हॉजेस यांचे संवेग-ट्विस्टर (कणांच्या संवेगांसाठीचे ट्विस्टर) आले, २०१३ मध्ये अ‍ॅम्प्लिट्युहेड्रॉन, म्हणजे अशा टकरींची उत्तरं ज्यातून मिळतात तो भौमितिक आकार, आला.

गुरुत्वाकर्षण आणि पुंजवाद यांची सांगड घालायची, हा पेनरोज यांचा मूळ हेतू मात्र अजून पुरा झालेला नाही. लेखात हेही लिहा.

प्रश्नकर्ता: ‘पीळ’ पक्का. ‘ट्विस्टर अवकाश’ असंच लिहितो, ‘पीळ-अवकाश’ नको.