टक्क्यात न दिसणारे अर्ज
लंडनपेक्षा इंग्लंडच्या ईशान्येला बांधकाम परवानगीचा टक्का (मंजूर अर्जांचं प्रमाण) जास्त, म्हणून तिथल्या काउन्सिली (स्थानिक पालिका) उदार, असा निष्कर्ष काढला जातो, तो पटला नाही. टक्का फक्त निकाल लागलेल्या अर्जांचा असतो. नकार येणार असं दिसलं की अर्जदाराचा एजंट अर्ज मागे घेतो. तो अर्ज हिशेबात येतच नाही. शिवाय लंडनमध्ये घराला घर चिकटलेलं. मागचं स्वयंपाकघर ३ मीटरपेक्षा जास्त बाहेर काढायचं म्हटलं की शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड आडवा येतो. त्यात संवर्धन क्षेत्र (जुनं रूप जपण्यासाठी राखलेला भाग) असलं तर खिडकीच्या चौकटीवरूनही घासाघीस! ईशान्येतल्या मोकळ्या जागेवर हे प्रश्न कमी. आणि हो, नकारानंतर प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अशी अपिलं ऐकणारी सरकारी संस्था) अपील करता येतं. तिथे फिरलेला निर्णय काउन्सिलच्या आकड्यात मात्र नकारच राहतो.