जुनं साडेपाच हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन): गरम झालं की बंद पडतं, दाबाची टाकी काढून टाकावी का?

वल्हेवाला

नमस्कार मंडळी. मशीन १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं, टू-स्ट्रोक, २ सिलिंडर, पॉइंटवालं मॅग्नेटो (फ्लायव्हीलच्या चुंबकावर ठिणगी तयार करणारी यंत्रणा; पॉइंट म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा उघडझाप करणारा संपर्क). टाकी जुन्या पद्धतीची, जोडनळीची: एका नळीतून क्रँककेसची (पिस्टनखालच्या कप्प्याची) हवा टाकीत जाऊन दाब धरते, दुसरीतून पेट्रोल वर येतं.

थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होतं. साधारण १५ मिनिटं उत्तम चालतं, मग ताकद निम्म्यावर येते, थरथर सुरू होते आणि बंद पडतं. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) ७८ आणि ८० पीएसआय. कार्बोरेटर साफ केला आहे, प्लग नवे आहेत.

१) दोष कुठून शोधायला घेऊ?
२) टाकीच्या झाकणाचं गॅस्केट हवा सोडतंय. फ्युएल पंप बसवून साधी एकनळी टाकी लावता येईल का?
३) पुस्तकात ऑइल २४:१ (२४ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) दिलं आहे. आजच्या ऑइलवर ५०:१ चालेल का?

शिवाय या मशीनला थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर दिसणारी पिचकारी नाही, त्यामुळे पाणी फिरतंय की नाही हे कळत नाही.

पॉइंटगॅप

कॉम्प्रेशन चांगलं आहे. दोन सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत असला की पिस्टन-रिंगांना हात लावायचं कारण नाही.

हा दोष मशीन थंड झाल्यावर सापडणार नाही. बंद पडतानाच्या आणि पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांतच सगळं तपासून घ्या. ताकद उतरायला लागली की टाकीवरचं प्रायमरचं (हाताने पेट्रोल पुढे ढकलायचं) बटण ४-५ वेळा दाबा. मशीन सावरलं तर पेट्रोल कमी पडतंय. बटणाचा काही उपयोग झाला नाही तर बंद पडताक्षणी दोरी ओढून बघा. दोरी जड लागत असेल तर पिस्टन आवळतोय, तिथेच थांबा आणि आधी पाण्याचा पंप बघा. दोरी हलकी असेल तर दोन्ही प्लग काढा आणि वायरींना स्पार्क टेस्टर लावून ६ मिमी अंतर ठेवा. निळी, कडक आवाजाची ठिणगी उडी मारायला हवी. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून येत असेल तर ती दाबाखाली प्लगवर टिकणार नाही.

तुमच्या वर्णनात 'ताकद निम्म्यावर' आणि 'थरथर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पेट्रोल कमी पडलं की मशीन वर-खाली होत हळूहळू मरतं. एकदम निम्मी ताकद म्हणजे एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडायची थांबली. या मॅग्नेटोत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर असतो, त्यामुळे एकच बाजू मरू शकते. माझा पहिला संशय कॉइलवर. त्या काळच्या कॉइलचं आवरण वयाने चिरतं, आत ओल शिरते आणि गरम झाल्यावर वेटोळ्यातलं इन्सुलेशन दगा देतं.

खात्री करायला नवा भाग लागत नाही. फ्लायव्हील काढा. त्याच्या हबला पुलरसाठी तीन आटे असतात, तिथेच पुलर लावा. बाहेरच्या कडेला पंजा अडकवून ओढलं तर फ्लायव्हील वाकतं. मग दोन्ही कॉइलची अदलाबदल करा, कंडेन्सर जागच्या जागी ठेवा. दोष दुसऱ्या सिलिंडरला गेला तर कॉइल, तिथेच राहिला तर कंडेन्सर किंवा पॉइंट. दोन्ही एकदम बदललं तर काहीच कळणार नाही.

जोडताना कॉइलच्या पत्र्यांची टोकं प्लेटवरच्या मशीन केलेल्या उंचवट्यांच्या कडेशी अगदी सपाट आली पाहिजेत. नखाला पायरी लागता कामा नये. बाहेर राहिली तर फ्लायव्हीलचं चुंबक घासतं, आत गेली तर ठिणगी कमजोर. पॉइंट ६०० नंबरच्या पेपरने हलके घासा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कोरा जाड कागद त्यांच्यामधून ओढा. नव्या पॉइंटवरही तेलाचा पातळ थर असतो, तो राहिला तर ठिणगीच येत नाही. गॅप ०.५० मिमी, कॅमच्या सर्वांत उंच बिंदूवर. फिलर गेज हलका अडकून सरकला पाहिजे.

क्रँकचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक पुसून कोरडं ठेवा, ग्रीस लावू नका. फ्लायव्हील निमुळत्या पकडीवर बसतं. शाफ्टच्या खाचेतली छोटी चावी फक्त टायमिंगची (ठिणगीच्या वेळेची) जागा दाखवते, ताकद तिने घ्यायची नसते.

डायफ्रॅम

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट हो आहे. दाबाच्या टाकीत नळी चिरली की पेट्रोल ठिबकत नाही, फवारतं. पण पॉइंटगॅप यांनी सांगितलेला तपास आधी करा, नाहीतर दोन बदल एकमेकांत मिसळतील.

लहान डायफ्रॅम पंप (आत लवचीक पडदा असलेला) क्रँककेसच्या धडधडत्या दाबावर चालतो, म्हणून त्याला एका सिलिंडरच्या क्रँककेसची हवा द्यावी लागते. सोयीची जागा म्हणजे ट्रान्सफर पोर्टचं (क्रँककेसमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेचं) बाहेरचं झाकण. ते काढून बाकावर घ्या, मगच भोक पाडा आणि आटे काढा. जागेवर भोक पाडलं तर अ‍ॅल्युमिनियमचा कीस थेट बेअरिंगमध्ये जातो. निपलचं (नळी जोडायच्या तोटीचं) टोक आतल्या बाजूला बाहेर डोकावू नये. आट्यांना पेट्रोल सहन करणारा सीलंट लावा आणि झाकणाखाली नवं गॅस्केट घाला. इथून हवा आत ओढली गेली तर त्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतो.

पंपापर्यंतची नळी आखूड, जाड भिंतीची ठेवा, १५ सेंटिमीटरच्या आत. लांब, मऊ नळी दाबाचा धक्का स्वतःच गिळते.

आता लोक विसरतात ती गोष्ट. टाकीत हवा पाठवणारी जुनी वाट बंद करायची. मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटर बसतो त्या भागात) तिचे छोटे चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने हवा सोडणारे झडप, असतात. ती वाट उघडी राहिली तर क्रँककेसचा दाब तिथून निसटत राहतो आणि मशीन सावकाश चालवताना अडखळतं. ब्लँकिंग पट्टी किंवा घट्ट प्लग बसवा, नुसती नळी वाकवून बांधू नका. नव्या टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू मात्र चालवताना उघडा हवा. दाबाच्या टाकीची सवय असलेल्याकडून तो हमखास बंद राहतो, आणि त्याची लक्षणं हुबेहूब 'काही मिनिटांनी बंद पडतं' अशीच असतात.

कार्बोरेटरचा फ्लोट कॉर्कचा असेल तर तोही बघा. जुन्या कॉर्कवर शेलॅकचा लेप असतो आणि इथेनॉल त्याला विरघळवतं. कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो, मशीन फ्लड होतं. इथेनॉल सहन करणारा लेप द्या किंवा प्लॅस्टिकचा फ्लोट बसवा.

गिअरऑइल

५०:१ करू नका. ऑइल कितीही चांगलं असलं तरी प्रमाण बेअरिंगवर ठरतं. जॉन्सन-एव्हिनरूड या आउटबोर्ड ब्रँडांची बहुतेक मॉडेलं १९६४ च्या सुमारास ५०:१ वर आली, त्याआधीच्या मशीनना जास्त ऑइल लागतं कारण त्यांत रोलरऐवजी ब्राँझचे बुश असतात. ब्रिटिश सीगलच्या जुन्या मशीनना तर १०:१ लागायचं. तिथे क्रँकला ऑइल सील नाहीत, बुशमधलं ऑइलच सीलचं काम करतं. तुमच्या मशीनला २४:१ म्हणजे लिटरला ४२ मिलि, ५ लिटरला २१० मिलि. ऑइल टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डसाठीचा टू-स्ट्रोक ऑइलचा दर्जा) असलेलं घ्या. मोटरसायकलच्या ऑइलमध्ये राख सोडणारे घटक असतात, ते आउटबोर्डमध्ये पिस्टनवर आणि प्लगवर साचतात.

पाण्याबद्दल: मशीनच्या पायाच्या (पाण्यात जाणाऱ्या खालच्या भागाच्या) मागच्या बाजूच्या भोकातून धुरासोबत पाण्याचे तुषार येतात का बघा. १० मिनिटं चालल्यावर सिलिंडर हेडवर पाण्याचा थेंब टाका. चर्र होऊन उडाला तर पाणी पोचत नाही. इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं पातीदार चाक) रबराचा असतो, वर्षानुवर्षं एकाच जागी राहून पाती वाकडीच राहतात, म्हणून जुना इम्पेलर दिसायला ठीक असला तरी बदला. बसवताना पाती ओली करा आणि शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत पंपाचं घर खाली दाबा, म्हणजे पाती योग्य बाजूला झुकतात. ड्राइव्हशाफ्टच्या खाचांना बाजूने ग्रीस लावा, वरच्या टोकावर लावू नका. तिथलं ग्रीस क्रँकच्या भोकात अडकतं आणि पाय पूर्ण वर बसत नाही.

पिचकारी जोडता येते. हेड काढून गॅस्केटच्या बाजूने पाण्याची वाट नीट बघा आणि तिच्या सर्वांत वरच्या भागात निपल बसवा, ज्वलनकक्षाच्या भिंतीपासून लांब. भोक २ ते ३ मिमीच ठेवा, मोठं केलं तर सिलिंडरचं पाणी तिथून पळतं.

वल्हेवाला

खूप आभार. गरम असताना वरच्या सिलिंडरची ठिणगी ६ मिमी पार करत नव्हती. कॉइल अदलाबदल केल्यावर दोष खालच्या सिलिंडरला गेला. आता एकच कॉइल बदलू की दोन्ही? आणि पॉइंट काढून त्यांच्या जागी ठिणगी नियंत्रित करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावलं तर?

पॉइंटगॅप

दोन्ही बदला, दुसरी तेवढ्याच वयाची आहे. फ्लायव्हील उघडलंच आहे तर कंडेन्सरही नवे घाला. प्लगची वायर तांब्याच्या तारेची घ्या. या कॉइलमध्ये वायर आतल्या टोकदार पिनवर खोचली जाते आणि कार्बनच्या गाभ्याची वायर तिथे नीट धरत नाही.

मॉड्यूलची घाई नको. तुम्हाला दोन लागतील, प्रत्येक कॉइलला एक. आणि ठिणगीची वेळ मग कॅम ठरवत नाही, चुंबकाचं क्षेत्र उलटताना मॉड्यूल ठरवतं, त्यामुळे टायमिंग काही अंश सरकू शकतं. टायमिंग लाइटने खूण तपासता येत असेल तरच लावा. चांगले पॉइंट ०.५० मिमीवर नीट बसले आणि कॅमला तेल पुसणाऱ्या फेल्टच्या (नमद्याच्या) तुकड्याला थेंबभर तेल मिळालं तर ते पुष्कळ वर्षं चालतात.