मदत हवी आहे: फलाफल संध्याकाळी तेलात का फुटतंय?

पुण्यातल्या छोट्या हॉटेलाचं किचन आहे. दुपारी मालवणी थाळी, दिवसभर लेबनीज रोल. दुपारचा फलाफल घाण्यात झकास तळला जातो, संध्याकाळी सातनंतर त्याच मिश्रणाचे गोळे कढईत विरघळतात.

प्रमाण असं: कोरडे काबुली चणे १ किलो, १८ तास भिजवून, न शिजवता, जाडसर दळलेले. कांदा २५० ग्रॅम, लसूण ४० ग्रॅम, कोथिंबीर-पार्सली मिळून २०० ग्रॅम, मीठ ३५ ग्रॅम, धणे-जिरे. तळायच्या आधी खायचा सोडा सपाट एक चमचा. गोळा २५ ग्रॅमचा, तेल १७५ अंशांवर.

चणे शिजवलेले नाहीत, त्यामुळे ते कारण बाद. संशय मिठावर आहे. सकाळीच घातलं की कांदा पाणी सोडतो आणि डब्याच्या तळाशी पाणी साचतं. शिवाय गर्दीत एकदम पंधरा गोळे सोडले की तेल १५० पर्यंत उतरतं. बेसन घालायचा सल्ला कृपया नको. बांधलं जातं, पण चव भज्याची येते.

कांदा-मीठ वेगळं ठेवून दर घाण्याला अर्धा किलो मिश्रण कालवणारं कोणी आहे का? की कांदा पिळून घालता? जैन ऑर्डरसाठी कांदा-लसूण वगळल्यावर ओलावा कशाने राखता? आणि सुरमई तळायची कढई वेगळीच आहे, पण झारे मिसळू नयेत म्हणून कोणती खूण करता, तेही सांगा.