१५ ऑगस्टला जोडून सायकलवर तीन दिवस: ताम्हिणी की पवना?

कोथरूडची आई
मी आणि माझी लेक, ती नववीत आहे. दोघींकडे गिअरच्या हायब्रिड सायकली आहेत, रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो. आता धरणाच्या काठाने, डोंगर बघत तीन दिवस फिरायचंय. लेकीला ताम्हिणी हवी, मला तिथल्या पावसाची धास्ती वाटते. रस्ता कुठला घेऊ? आणि पाऊस आला तर थांबायचं की चालवत राहायचं?

घाटवाट
ताई, ताम्हिणी या खेपेला नको. धुकं उतरलं की पुढचं वळण दिसत नाही, आणि सुट्टीत धबधब्यांपाशी गाड्यांची रांग लागते. नववीतल्या मुलीला घेऊन मी तिथे जाणार नाही.

पौड-कोळवणवरून पवनानगर करा. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, आणि तिथून मुळशीचा रस्ता सोडून उजवीकडे कोळवण. या फाट्यानंतर वर्दळ एकदम ओसरते. भातखाचरं, ओढे, मध्येच एखादं देऊळ. कोळवणच्या पुढे चढ आहे, दमवतो. उतरून सायकल ढकलायला काहीच हरकत नाही. पलीकडे उतरलात की मावळ: आधी तिकोना किल्ला, मग पवना धरणाचं पाणी, आणि पाण्यापल्याड तुंगचा सुळका. पुण्याच्या इतक्या जवळ यापेक्षा सुंदर सायकलरस्ता मला माहीत नाही. कोथरूडपासून ५०-५५ किलोमीटर होतील.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे जाताना तोंडावर, येताना पाठीवर. पहिल्या दिवशी सहालाच निघा आणि वेगाचा विचार सोडा. परतीला कामशेतवरून जुन्या हायवेने तळेगाव, देहूरोड करत या. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, चुकून त्या फाट्याला लागू नका.

पावसाचं म्हणाल तर कोथरूडच्या खिडकीतून काही कळत नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, लोणावळ्यात ४०००च्या वर. ढग सह्याद्रीवर चढतानाच रिकामे होतात, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. त्यामुळे इथे ऊन असताना पवनेला धो धो लागलेला असू शकतो. श्रावणसर असेल तर चालवत राहा, थांबलं की अंग गार पडतं. समोरचं दिसेनासं झालं तर मात्र थांबायचंच. आणि ओढ्याचं पाणी साकवावरून वाहत असेल तर सरळ मागे फिरायचं, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी.

चाक आणि चिखल
रिमचे ब्रेक असतील तर ओल्यात उशिरा लागतात. उतारावर वेग वाढायच्या आधीपासून हलके दाबत राहा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जरा कमी. रोज संध्याकाळी चेन पुसून तेल द्या, नाहीतर सकाळी कुरकुरते. मडगार्ड दोन्ही चाकांना. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

मावळपट्टी
पाण्यात उतरू नका एवढंच कळकळीने सांगतो. काठ गाळाचा आहे, दोन पावलांवर खोल होतो. दरवर्षी कुणाची तरी मुलं जातात. राहायला तंबूंच्या गर्दीत न जाता तिकोना पेठेच्या बाजूला गावातलं घर बघा. जेवायला इंद्रायणीचा भात सांगून ठेवा. सायकली ओसरीत घेऊ देतील का, हेही फोनवरच विचारा.

कोथरूडची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला नकाशा दाखवला. ताम्हिणी सोडायला तयार झाली, पण आता तिकोना चढायचाय म्हणते. जमेल?

घाटवाट
जमेल, पण मधल्या दिवशी, आणि उघडीप असेल तरच. शेवटच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत, ओल्या असल्या की उतरताना जड जातं. पक्क्या सोलचे बूट घाला. वरून पवना, तुंग, लोहगड, विसापूर सगळं एका नजरेत येतं. पाऊस असला तर किल्ला राहू दे, बेडसे लेणी बघा. कामशेतच्या रस्त्यालाच आहेत, पायऱ्याही बांधलेल्या आहेत.