सध्या काय वाचताय? (मृत्युंजय, ययाति, पानिपत सोडून बोला)

उंबरठा
ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीनं गेल्या आठवड्यात विचारलं, "मॅडम, मराठी वाचायला सुरुवात करायचीय, काय वाचू?" मी तोंड उघडायच्या आत आजूबाजूच्या तिघांनी पाढे म्हणावेत तशी यादी म्हणून दाखवली. मृत्युंजय, ययाति, पानिपत, स्वामी, श्यामची आई. मी तिघांनाही विचारलं, यातलं शेवटचं कधी वाचलंत? एक म्हणाला बारावीच्या सुट्टीत. दुसरी म्हणाली कॉलेजात. तिसऱ्यानं मृत्युंजय निम्मंच वाचलं होतं, पण "ग्रेट आहे" हे त्याला नक्की माहीत होतं.

श्यामची आई १९३५ची. ययाति १९५९, स्वामी १९६२, मृत्युंजय १९६७. त्यातल्या त्यात ताजं म्हणजे पानिपत, तेही १९८८चं. त्यानंतर मराठीत लोकांनी लिहायचं सोडलं की आपण वाचायचं?

म्हणून इथे एकच अट. आत्ता उशाशी काय आहे ते सांगा, कितव्या पानावर आहात तेही सांगा, आणि वाचून सहा महिने उलटलेलं पुस्तक कुणाच्या गळ्यात मारू नका. माझं सांगते. कृष्णात खोत यांचं 'रिंगाण', पान ६२. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. धरणानं गाव उठलेला माणूस, मागं राहून रानटी झालेली म्हैस आणायला परत त्या रानात जातो, एवढीच गोष्ट. हळूहळू वाचतेय, कारण पुढं काय होणार याची धास्ती वाटतेय.

खडूफळा
विषय चांगला, अट वाईट. सहा महिने काय? ज्या पुस्तकानं आपल्याला वाचायला लावलं ते सुचवायचं नाही, आणि काल विकत घेतलेलं सुचवायचं?

आमच्या गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं. आठवीत असताना मृत्युंजय हाती लागलं. वापरून वापरून पानं सुटलेली, म्हणून कुणीतरी नवं बाइंडिंग केलेलं. आणि त्या बाइंडिंगवाल्यानं शिवण एवढी आत घेतलेली की डाव्या पानावर ओळीचं शेवटचं अक्षर गायब आणि उजव्या पानावर पहिलं. 'कर्ण'चा नुसता 'र्ण' दिसायचा. गाळलेल्या जागा भरत भरत वाचलंय मी ते. एका समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कृष्णाचे चुकले'. खाली दुसऱ्या अक्षरात, 'तुला काय कळते'. त्याच्याखाली तिसऱ्याच अक्षरात, 'पुस्तकात लिहू नये'. म्हणजे तुमचा हा धागा आमच्या गावात तेव्हाच चालू होता.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. पोरांना हीच यादी देतो आणि देत राहणार. आणि हे पुस्तक बाळबोध आहे असं समजणाऱ्यांनी एकदा नीट उघडून बघावं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानं सांगतात. हेच आज कुणी नव्या कादंबरीत केलं तर तुम्ही त्याला प्रयोग म्हणाल.

उंबरठा
मास्तर, पुस्तक वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. तुम्ही तर ते अक्षरं जोडून जोडून वाचलंत, तुम्हाला ते सुचवायचा पूर्ण हक्क. माझा राग न वाचता वाढणाऱ्यांवर आहे. स्वतः न चाखलेली भाजी पंगतीत आग्रह करकरून वाढायची, तसं.

शिवाय त्या मुलीनं दहावीनंतर मराठी पुस्तक हातात धरलेलं नाही. तिच्यासमोर पहिल्याच दिवशी एवढा ठोकळा ठेवला तर ती पुन्हा मोबाइलकडेच जाणार. मी तिला माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. १९५५ची आहे, म्हणजे माझाच नियम मी मोडला, कबूल. पण हाताएवढं पुस्तक. पहाटे अंधारात एकटा चालत निघालेला तरुण मास्तर, मेंढरं, तालीम, शेवटी दुष्काळ. दोन बैठकांत संपतं आणि महिनाभर डोक्यातून जात नाही.

लाटकर
छोटंच हवं तर बेडेकरांचं 'रणांगण' द्या. दरवर्षी एकदा वाचतो, त्यामुळे सहा महिन्यांच्या अटीत बसतं. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईला निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर. मराठी कादंबरी १९३९ साली कुठं जाऊन आली होती ते बघा. शेवटी हॅर्टा समुद्रात उडी घेते तिथं मी अजूनही थांबतो.

चिंचगूळ
अहो, शेवट काय सांगता! माझ्या यादीत होतं ते.

लाटकर
१९३९चं पुस्तक आहे. अजून किती वर्षं गुपित पाळायचं?

वऱ्हाडी ठसका
यादीवर माझा आक्षेप वेगळाच आहे. तिच्यात विदर्भ कुठे आहे? सगळं पुण्या-मुंबईच्या कपाटातून आलेलं. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६०ची, म्हणजे तुमच्या ययातिच्या पाठोपाठची. त्यात ना राजे, ना महाभारत. शिंपी घरातली कौतिक आणि तिचा न संपणारा संसार. एवढी ताकदीची बाई मराठी कादंबरीत मला दुसरी दाखवा. मी सध्या तिसऱ्यांदा वाचतोय, पान ११८. पण यादी म्हणायची वेळ आली की कौतिक कुणालाच आठवत नाही. काहून?

खडूफळा
यादी पुण्या-मुंबईची म्हणताय ते चूक. मृत्युंजयचे सावंत आजऱ्याचे, स्वामीचे रणजित देसाई कोवाडचे, ययातिचे खांडेकर सांगलीत जन्मले आणि कोल्हापुरात राहिले. पुण्याच्या नावानं उगाच शिमगा नको. आरोप करायचाच तर कोल्हापूरवर करा. :)

वऱ्हाडी ठसका
बरं, कोल्हापूरवर करतो. मुद्दा तोच राहतो.

चिंचगूळ
मी मुद्दाम उलट बाजूनं बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवून. 'धग' मी आणली होती, दहा पानांत ठेवली. वऱ्हाडी संवाद डोक्यावरून जातात. दिवसभर नोकरी करून रात्री साडेदहाला पुस्तक उघडायचं आणि एकेक वाक्य सोडवत बसायचं? शब्दकोडं घालायला मी पेपर घेतो. ययातिची भाषा अलंकारिक असेल, तुम्हाला जुनी वाटत असेल, पण ती मला अडवत नाही. ती यादी इतकी वर्षं टिकली त्यामागं हेही कारण आहे. नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांना कळते.

वऱ्हाडी ठसका
आम्ही शाळेत कोकणातल्या गोष्टी वाचल्या तेव्हा आम्हाला कुणी विचारलं का, कळते का म्हणून? माडी, खळं, आगर, काय काय. यातलं काहीही आमच्या अंगणात नव्हतं. शिकलो ना? तुम्ही दहा पानांत दमलात. तोंडानं मोठ्यानं वाचून त पाहा, भाऊ. ते कानाचं पुस्तक आहे, डोळ्याचं नाही.

दोन बॅगा
मी आखातात असतो. आमच्याकडे साहित्याचा दर्जा वजनकाट्यावर ठरतो. मागच्या सुट्टीत पेंडशांचे 'तुंबाडचे खोत' आणायचं ठरवलं. दोन खंड! बायकोनं बॅग काट्यावर ठेवली, एकदा खंडांकडं बघितलं, एकदा आईनं दिलेल्या मेतकूट-पापडांकडं, आणि दुसरा खंड बाहेर काढला. म्हणून सध्या माझं वाचन म्हणजे पहिला खंड, पान २९०, आणि पुढं काय होतं ते कळायला पुढचा गणपती.

बाकीचं सगळं गाडी चालवताना ऐकतो. ऐकलेलं इथं चालतं का?

जुनाट
नाही. ऐकणं हे ऐकणं. वाचन म्हणजे डोळा, पान आणि आपण. निवेदक कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा ते तुमच्या वतीनं ठरवून मोकळा होतो. मधेच सिग्नल लागला, तुमचं लक्ष उडालं, दोन पानं गेली तरी पत्ता नाही. त्याला वाचलं म्हणू नका.

कंदील
जुनाटराव, माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. श्रावणात घरी पोथी लागायची. वडील वाचायचे, ती वाती वळत ऐकायची आणि वडिलांची एक ओळ गळली तरी तिथंच अडवायची. आजीला हरिविजय माहीत नव्हता असं तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि 'श्यामची आई' तरी काय आहे? रात्री मित्रांना बसवून सांगितलेल्या गोष्टी. प्रकरणांना नावच 'रात्र', अशा बेचाळीस रात्री. ऐकण्यासाठीच बांधलेलं पुस्तक आहे ते. तिथं ऐकणं चालत असेल तर यांच्या गाडीतही चालू द्या.

आता मूळ यादीबद्दल. पाचही लेखक पुरुष आहेत हे कुणाच्या लक्षात आलं का? आणि गावाबाहेरच्या वस्तीतलं एकही पुस्तक नाही. माझ्या उशाशी सध्या दोन आहेत. एक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', पुन्हा एकदा. सोवळ्यानं पछाडलेले वडील, बाजारातला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येणार नाही. पुढं नवरा ख्रिस्ती होतो. आणि हे सगळं ही बाई हसत हसत सांगते. रडायचं तिथं तर हमखास हसवते. दुसरं उर्मिला पवारांचं 'आयदान', पान ४०. कोकणातलंच कोकण, पण शाळेच्या पुस्तकातल्या माडी-आगराचं नाही. आयदान म्हणजे बांबूची विणलेली सुपं-टोपल्या; आई ती विणायची. कोकण सगळ्यांनी वाचलंय म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

खडूफळा
कंदील, तुमचं हे लागलं. आमच्या त्या दोन कपाटांत दया पवारांचं 'बलुतं' होतं, दलित वस्तीतलं आत्मकथन. वरच्या खणात, मागच्या रांगेत. यादी वहीत नोंदलेली असायची, पण मागितल्याशिवाय मिळायचं नाही, आणि मागायचं तर आहे हे आधी माहीत पाहिजे. मी ते वाचलं डी.एड.ला गेल्यावर. गावात असताना खालच्या खणातलं सगळं वाचून झालं होतं, त्यामुळे मला वाटायचं मराठीत एवढंच असतं.

तरी माझं म्हणणं मी मागं घेत नाही. कपाट उघडलं गेलं ते मृत्युंजयमुळं.

उंबरठा
मास्तर, मी हेच तर म्हणतेय. यादी म्हणजे खालचा खण. हाताला पटकन येतो म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या तोच उघडतोय.

खडूफळा
आणि खालचा खण खालीच असतो, कारण पोरांचा हात तिथवरच पोचतो.

मांडवीकाठ
गोव्यातून हजेरी. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' वाचतोय. पोर्तुगिजांच्या काळातलं धर्मांतर, एकाच गावातली, एकाच घरातली माणसं कशी दुभंगली ते. लेखक कोकणीतही लिहितात, हे पुस्तक मात्र मराठीत. आमच्याकडे कोकणी-मराठी वादात माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली आहेत, म्हणून आधीच सांगतो, त्या वादात मी पडणार नाही. पुस्तक वाचा, एवढंच.

जुनाट
पोथीचा मुद्दा मान्य. पण पोथी ऐकताना आजी गाडी चालवत नव्हती.

दोन बॅगा
वाती वळत होती ना! हात बिझीच होते.

लाटकर
एक व्यवहाराची अडचण. नवी, जरा आडवाटेची पुस्तकं सुचवणं सोपं, मिळवणं अवघड. मागच्या महिन्यात पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची तीन दुकानं पालथी घातली. जे हवं होतं त्याची आवृत्ती संपलेली. आणि तिन्ही दुकानांत गल्ल्याशेजारी ढीग कशाचा? मृत्युंजय, ययाति, पानिपत. दुकानदार म्हणाला, वाढदिवसाला द्यायला नेतात लोक. तुमच्या यादीचं खरं कारण हे असावं. ती वाचायची यादी नसून आहेर करायची यादी आहे.

उंबरठा
हे मात्र पटलं. त्या मुलीचा ताजा अहवाल: बनगरवाडी संपवली. सोमवारी डब्याच्या वेळी येऊन म्हणाली, "मॅडम, शेवटी फार वाईट वाटलं. आता एखादं जाड द्या, लवकर संपणार नाही असं." आणि शेजारचा तो निम्मं वाचलेला मागून ओरडला, "मृत्युंजय घे!" तिनं घेतलं. मी काही बोलले नाही.

खडूफळा
:) :)

चिंचगूळ
वऱ्हाडी ठसका, तुमच्या सांगण्यावरून 'धग' परत काढली आणि परवा रात्री हॉलमध्ये बसून मोठ्यानं वाचायला लागलो. सासूबाई आल्यात राहायला. त्या अचलपूरच्या. दोन पानं त्यांनी कशीबशी सहन केली, मग स्वयंपाकघरातून ओरडल्या, "असं नाही म्हणत, जावईबापू!" आणि वाक्य बरोबर म्हणून दाखवलं. पुढच्या पानावर परत तेच. तिसऱ्यांदा हात पुसत बाहेर आल्या, पुस्तक हातातून घेतलं, चष्मा लावला आणि स्वतःच वाचायला लागल्या. अर्धा तास आम्ही सगळे ऐकत बसलो. एकही वाक्य अडलं नाही.

काल घरी आलो तर त्या पान ७०वर. पुस्तक मागितलं, तर म्हणाल्या, कौतिकचं जरा होऊ दे. त्यामुळे धाग्याच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: सध्या काहीच वाचत नाहीये, पुस्तक सासूबाईंकडं आहे.